पानामागची मोजणी

"सोडत नाहीये," मोठी पुटपुटली आणि तिने चिमटा पुन्हा घट्ट धरला.

पानाच्या मागच्या बाजूला, अंड्यांच्या पुंजक्यावर ती ढालकिडी अंग चोरून बसली होती. करंगळीच्या नखाएवढी, मातकट हिरवी, पाठ अगदी छोट्या ढालीसारखी. बोट जवळ नेले तरी उडून जाणारी ही जात नव्हे. ज्या बाजूने बोट येईल त्या बाजूला पाठ कलती करून ही तिथेच राहायची. मोठीने हिसका दिला. किडी सुटली. तिने ती स्पिरिटच्या बाटलीत टाकली, झाकण फिरवले आणि फांदीला पांढरी फीत बांधली.

"ताई," मागून धाकटी म्हणाली, "एक पाय पानावरच राहिला."

"राहू दे."

"दोन राहिलेत."

"अगं राहू दे म्हटलं ना! तिला आता कुठं चालत जायचंय?"

धाकटी हसली नाही. तिने वहीत झुडपाचा नंबर लिहिला आणि दोघी पुढच्या झुडपाकडे सरकल्या.

कीटक संशोधन केंद्राच्या मागच्या उतारावर अशी दोनशे चाळीस झुडपे होती. निम्म्यांवरची आई काढून टाकायची, निम्म्यांवरची राहू द्यायची आणि रोज सकाळी जाऊन बघायचे, की आईवाचून किती अंडी जगतात. मुंग्या किती नेतात, माशी किती नासवते, पिल्ले किती निघतात. मोठी हे काम सत्तावीस वर्षे करत होती. साहेब तीन बदलले, किडे बदलले, प्रयोग बदलले. मोजणारी मोठीच राहिली. बाहेरगावचे पाहुणे आले की साहेब तिला पुढे करायचे आणि म्हणायचे, "आमच्या बाईंचं भिंग कधी चुकत नाही."

धाकटी तिची जाऊ. मोठीचा धाकटा दीर वारला तेव्हा धाकटी पस्तिशीची होती, मूलबाळ नव्हते. केंद्राच्या आवारातल्या मोठीच्या दोन खोल्यांत ती राहायला आली आणि दोन वर्षांनी मोठीनेच साहेबांच्या हातापाया पडून तिला रोजंदारीवर चिकटवले. धाकटीचे शिक्षण चौथीपर्यंत. आकडे कसे काढायचे ते मोठीने तिला स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूने शिकवले. त्यामुळे दोघींचा सात सारखा, नऊ सारखा. वहीतले पान कोणी लिहिले ते त्या दोघींनाच कळायचे.

आणि मोठीला आताशा तेही कळत नव्हते.

सुरुवात गेल्या वर्षी झाली. भिंगातून पाहताना मधोमध एक डाग दिसायला लागला. तिने भिंग पुसले, डोळे पुसले, चष्मा बदलला. डाग हलेना. मग एकटीच शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टर म्हणाला, पडद्याचा मधला भाग वाळत चाललाय, कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. ऑपरेशन नाही. औषध नाही. "वाचायचं कमी करा," तो म्हणाला, "तसं तुमचं काम काय असतं?"

"घरकाम," मोठीने सांगितले.

अंडी मोजायला तिला अजून येत होती. ती झाकणाच्या पिंपांसारखी, रांगेत चिकटवून ठेवलेली असतात; बोटाच्या टोकाने चाचपली तरी मोजता येतात. पण खरी मोजणी नुसत्या आकड्याची नसतेच. चौथ्या दिवशी अंड्याच्या आत दोन लाल ठिपके दिसू लागतात. ते पिल्लाचे डोळे. असे अंडे फुटणार. जे काळपट पडते त्यात माशीने आपले अंडे घातलेले असते, आणि त्यातून पिल्लाला खाऊन दुसरीच माशी बाहेर येते. तेव्हा लाल किती आणि काळी किती, हेच सगळे काम. मोठीला लाल दिसत नव्हते आणि काळेही दिसत नव्हते. ती सत्तावीस वर्षांच्या अनुभवावर अंदाज ठोकत होती. आई आहे? मग वीस लाल, आठ काळी. आई काढलेली? मग नऊ, एकोणीस. अंदाज पुष्कळदा बरोबर यायचा. पुष्कळदा यायचा नाही.

पेन्शनला चौदा महिने उरले होते. खोल्या नोकरीवर मिळालेल्या. डोळे गेले असे कळले तर उद्याच्या उद्या सामान बाहेर काढतील, असे तिच्या मनाने घेतले होते. तिने कोणाला विचारले नाही. विचारणे म्हणजेच सांगणे, म्हणून.

एक दिवस दुपारी ती विसरलेली पाण्याची बाटली आणायला उतारावर परत गेली. समोर डाग होताच, पण डोळ्याच्या कडेने तिला पिवळा रुमाल दिसला. धाकटी डोक्याला बांधायची तो. धाकटी मोठीच्या ओळीतल्या झुडपाखाली उकिडवी बसली होती. एका हातात भिंग, मांडीवर नोंदवही. पान उलटून पाहत होती आणि वहीत काहीतरी खोडून शेजारी लिहीत होती; मोठीचाच आकडा ती बदलत होती, हे मोठीला हाताच्या हालचालीवरून कळले.

मोठी उलट पावली घरी आली. रात्री जेवताना भाजीचे भांडे पुढे सरकवत धाकटी म्हणाली, "ताई, हात जरा डावीकडं घ्या. गरम आहे."

असे दोन महिने चालले.

मोठीचा नवरा पूर्वी केंद्राच्याच फाटकावर रखवालदार होता. आता दिवसभर पायरीवर रेडिओ घेऊन बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करायचा. धाकटी घरात आल्यापासून त्याला आपलीच पायरी अपुरी वाटायला लागली होती. "दोन खोल्यांत तीन माणसं," तो धाकटीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा, "ढेकणांसारखं राहायचं आता." मोठी म्हणायची, "गप्प बसा हो." पण ते ती हळूच म्हणायची.

मग साहेबांना नवा कॅमेरा मिळाला.

त्यांनी हौसेने तीस पानांचे मागून फोटो काढले आणि आठवड्याने वहीशी ताडून पाहिले. दुसऱ्या दिवशी दोघींना खोलीत बोलावले. टेबलावर वही उघडी होती, शेजारी फोटो मांडलेले होते, आणि काचेच्या बशीत एक ताजे पान पालथे ठेवलेले होते.

"बसा बाई," साहेब मोठीला म्हणाले. धाकटीला म्हणाले नाहीत. "मला एक समजावून सांगा. ह्या वहीत दोन महिने खाडाखोड आहे. एक आकडा लिहिलाय, तो खोडून दुसरा लिहिलाय. फोटोशी जुळवलं तर दुसरा आकडा बरोबर निघतो, पहिला चूक. तीसपैकी एकोणीस ठिकाणी चूक. एवढी चूक डोळे मिटून केली तरी होत नाही."

मोठीने पदर खांद्यावर ओढून घेतला.

"अक्षर तुमचं सारखंच. म्हणून विचारतो. पहिला आकडा कोणाचा?"

बाहेर कोणीतरी नळाखाली बादली लावली होती, ती भरून वाहायला लागली. धाकटी मोठीची वाट पाहत होती. इतकी वर्षे साहेबांशी मोठीच बोलत आली होती.

"पहिला तिचा," मोठी म्हणाली. "मी नंतर दुरुस्त केला."

"ताई?" धाकटी म्हणाली. एवढेच म्हणाली.

"शिकतीये अजून," मोठी घाईघाईने पुढे बोलली. "मी म्हटलं, सुधारेल. म्हणून सांगितलं नाही तुम्हाला. चुकलं माझं."

साहेब माणूस न्यायाचे होते. त्यांनी भिंग उचलून धाकटीपुढे धरले. "हे पान बघा. अठ्ठावीस अंडी आहेत. त्यात लाल किती, काळी किती, सांगा. नीट बघा, वेळ घ्या."

धाकटी पुढे झाली. भिंग डोळ्याला लावून ती बशीवर वाकली. धाकटीची नजर घारीची होती. ती आता बरोबर आकडा सांगणार, मग साहेब भुवया चढवणार, मग बशी मोठीकडे सरकवणार. मोठीने खुर्चीची कड पकडली.

धाकटीने मान वर केली. ती कोणाकडे पाहत होती ते मोठीला दिसले नाही. चेहरा असायचा तिथे डाग होता. ती बराच वेळ तशीच पाहत राहिली.

मग म्हणाली, "तेरा लाल. पंधरा काळी."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "नाही हो. निम्म्याच्या वर लाल आहेत. लहान मुलालासुद्धा दिसेल."

मोठीला उमगले. धाकटी मुद्दाम चुकली होती. आताही तोंड उघडता आले असते. साहेब, ते पान मला द्या, एवढेच म्हणायचे होते.

"मला द्या ते पान," साहेबच म्हणाले, आणि मोठीला वाटले, आता बशी आपल्यापुढे येणार. पण ते बशी कपाटावर ठेवायला मागत होते. "तुम्हाला काय बघायला लावायचं बाई? सत्तावीस वर्षं झाली." मग ते धाकटीकडे न पाहता म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. आजपर्यंतचा हिशोब ऑफिसातून घेऊन जा."



संध्याकाळी धाकटीने पिशवी भरली. दोन कपडे, कंगवा, नवऱ्याचा फोटो. मोठी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पायरीवरून नवरा म्हणाला, "कामावरून काढली म्हणे. आता बसून खाणार का इथं?"

"नाही भाऊजी, निघालेच आहे," धाकटी म्हणाली.

"कुठं जाशील?" मोठीने विचारले.

"बघते."

"आजची रात्र तरी राहा."

"कशाला?"

तिने डबा भरून आणला आणि पुढे केला. धाकटीने तो घेतला नाही. तो खाली पडू नये म्हणून मोठीचा हात धरून तिने डबा ओट्यावर टेकवला. मग पायरीवरच्या माणसाला ओलांडून निघून गेली. नवऱ्याने रेडिओचा आवाज वाढवला.

धाकटीच्या जागी एक नवी शिकलेली मुलगी आली. ती स्वतःची ओळ मोजायची आणि जायची. मोठीच्या ओळीत दुपारी कोणी येऊन बसेना. वही स्वच्छ झाली. एकही खाडाखोड नाही. साहेबांनी महिनाभराने पुन्हा कॅमेरा घेतला, पुन्हा फोटो जुळवले आणि ह्या वेळी ते स्वतः उतारावर आले. मोठी एका झुडपाखाली बसून, कोंबडीसारखी मान तिरकी करून पानाकडे पाहत होती. साहेबांनी तिच्या तोंडासमोर हात हलवला. तिने "कोण?" म्हणून विचारले.

ते तिच्याशेजारी मातीत बसले.

"कधीपासून?" त्यांनी विचारले.

पुन्हा एकदा मोठीला वेळ मिळाला होता. साहेबांचा आवाज मऊ होता. सांगितले असते तर त्यांनी ऐकून घेतले असते.

"ह्याच महिन्यात," ती म्हणाली. "एकाएकी."

"मग बोलायचं नाही का? अहो, नोकरीत असताना डोळे गेले तर काढून टाकत नाहीत कोणाला. हलकं काम देतात. बियाण्यांच्या कोठीवर बसायचं, माणसं आली-गेली सांगायची. खोल्याही राहतात. नियमच आहे तसा." ते हसले. "तुम्हाला काय वाटलं?"

मोठी मातीत वही चाचपू लागली.

"आणि तुमची ती जाऊ," साहेब उठता उठता म्हणाले, "ती असती तर निदान हात धरून नेलं असतं तुम्हाला. पण तिच्यात तेवढी कुवत नव्हती."

"हो," मोठी म्हणाली.

कोठीवर काम असे नव्हतेच. एक खुर्ची, एक पंखा, पोत्यांचा वास. मोठी दिवसभर बसून राहायची. घरी नवरा विचारायचा, "आज किती पोती पळून गेली?" आणि स्वतःच हसायचा. ताटात काय वाढले आहे ते तो सांगत नसे. एकदा तिने मिठाची वाटी आमटी समजून भातावर ओतली. त्याने ती पहिला घास घेईपर्यंत पाहत बसणे पसंत केले.

धाकटी शहराबाहेरच्या एका फुलझाडांच्या रोपवाटिकेत लागली आहे, असे तिला डाकवाल्याकडून कळले. एका सुट्टीच्या सकाळी मोठी निघाली. बस चुकली, दुसरी मिळाली, विचारत विचारत ती फाटकाशी पोहोचली. आत कुंड्यांच्या रांगाच रांगा. मालकाने कुठल्या रांगेत ते ओरडून सांगितले.

"ताई, तिथंच थांबा. पुढं पाइप आहे," धाकटीचा आवाज आला. नंतर पावले आली. तिने मोठीचे कोपर धरून तिला पाइपावरून अलीकडे घेतले आणि लगेच हात काढला.

"काय काम करतेस?"

"पानं उलटायची. मागं अंडी दिसली की अंगठ्यानं चिरडायची. औषध मारलं तर फुलं डागाळतात म्हणून हातानंच." ती काम थांबवत नव्हती. पान उलटल्याचा आवाज, थोडी शांतता, पुन्हा पान. "मालक म्हणतात, असली नजर बघितली नाही."

मोठी उभीच होती. काय बोलायचे ते ती वाटभर जुळवत आली होती. "साहेबांना कळलं माझ्या डोळ्यांचं," ती म्हणाली. "काढलं नाही गं. कोठीवर बसवलं. खोल्याही आहेत. तू परत चल घरी."

पानांचा आवाज थांबला.

"कळलं? मग माझं काय सांगितलंत?"

मोठी जवळच्या कुंडीची कड चाचपत राहिली.

"डोळे कधी गेले म्हणून सांगितलंत?"

"ह्या महिन्यात," मोठी म्हणाली.

धाकटी हसली. इतक्या वर्षांत ती अशी हसलेली मोठीने ऐकली नव्हती. "म्हणजे चोर मीच अजून."

"मी घाबरले होते गं. तुला माहितीये ना, मी—"

"त्या दिवशी एकवीस लाल होती आणि सात काळी," धाकटी म्हणाली. "आजही सांगते. मी खरं बोलले असते तर पान तुमच्या हातात आलं असतं. मी तुमच्याकडं बघत होते. म्हटलं, आता बोलतील. मी एवढं केलं तर बोलतील."

"मला तुझं तोंड दिसत नव्हतं."

"माझं तोंड कशाला बघायला पाहिजे होतं? तुमचं तोंड होतं ना."

मोठीचे डोळे भरून आले. त्या डोळ्यांना तेवढे अजून येत होते. तिने पदर शोधला, तो खांद्यावरून सरकून कुठल्यातरी काटेरी रोपात अडकला होता. धाकटीने तो सोडवून दिला, रोपाला धक्का लागू नये म्हणून अगदी सावकाश.

"मी तुझ्या पाया पडते," मोठी म्हणाली. "साहेबांकडं जाऊन सगळं सांगते. उद्याच सांगते."

"नका सांगू. आता काय उपयोग? तिथं दुसरी आलीये. आणि इथं मालकांना कळलं तर हेही जाईल. खाडाखोड करणारी बाई म्हणून." तिने पुढची कुंडी ओढली. पान उलटले आणि ती थांबली. "आत्ताच फुटलीत."

"पिल्लं?" मोठी चटकन पुढे झाली. "कशी आहेत?"

धाकटी सवयीनेच सांगू लागली, जसे मोठीने शिकवले होते तसे: "फिकट पिवळी. अजून मऊ आहेत. पाठीवरच्या रेघा धरायच्यात. डोळे लाल. टरफलांभोवती गोल करून बसलीत, एकमेकांना चिकटून. झाकणं सगळी उघडलीत."

"किती?"

"अठ्ठावीस."

"काळं एकही नाही?"

"एकही नाही."

"सगळीच्या सगळी," मोठी म्हणाली. सत्तावीस वर्षांत असा पुंजका तिला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा दिसला होता. तिने मान तिरकी केली, मग दुसरीकडे केली. हिरवा उजेड होता, त्याच्या मधोमध डाग होता. "मला बोट लावू दे जरा."

धाकटीने तिचे बोट धरून पानाच्या कडेशी नेले. काहीतरी बारीक, जिवंत, नखावर चढले आणि खाली उतरले. मोठी श्वास धरून उभी राहिली.

"झाली का गं ती रांग?" शेडमधून मालक ओरडला.

"झालीच!" धाकटीने ओरडून सांगितले.

तिने मोठीचे बोट बाजूला केले, पान मधोमध दुमडले आणि अंगठ्याने दाबून कडेपासून देठापर्यंत सरकवत नेले. फार बारीक आवाज झाला. मग तिने अंगठा फडक्याला पुसला.

"जा ताई आता. ऊन चढेल," ती म्हणाली. "सरळ जायचं. कुंड्यांना हात लावत गेलात की फाटक येईल. शेवटी एक पायरी आहे."

मोठीने पहिल्या कुंडीच्या कडेवर हात ठेवला, मग दुसऱ्या. ती हळूहळू चालू लागली. मागून पाने उलटल्याचा आवाज येत होता, आणि मधूनमधून तो दुसरा.